तक्रार करू न शकणाऱ्या प्रौढांचं संरक्षण: कायद्यात काय आहे, काय हवं

प्रश्न: माझी मावशी ७६ वर्षांची आहे. तिला मूलबाळ नाही. काका गेल्यावर तिनं राहता फ्लॅट बक्षीसपत्रानं पुतण्याच्या नावे करून दिला. आता तिला आतल्या खोलीत ठेवलंय, मोबाइल काढून घेतलाय आणि पेन्शनचं एटीएम कार्ड त्यांच्याकडे आहे. आम्ही गेलो की "झोपली आहे" म्हणून परत पाठवतात. एकदा भेट झाली तेव्हा ती म्हणाली, "माझी काही तक्रार नाही, तुम्ही यात पडू नका." इतके कायदे आहेत, तर ते अशा माणसापर्यंत का पोहोचत नाहीत? काय बदललं तर पोहोचतील?

उत्तर: आधी मावशींचं, कारण तिथे वेळ घालवून चालणार नाही. कायद्यातल्या उणिवांचं त्यानंतर.

"माझी काही तक्रार नाही" हे वाक्य मी अशा बहुतेक प्रकरणांत ऐकते. तुम्ही संध्याकाळी आपल्या घरी जाणार आणि रात्रीची गोळी, उशाचं पाणी त्याच माणसाच्या हातून मिळणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्या बोलल्या तेव्हा पुतण्या किंवा त्याची बायको खोलीत होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, तर त्या उत्तराला मी फार वजन देणार नाही. एकटीनं, दार लावून, घाई न करता बोलायला मिळालं आणि तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं, तर मात्र त्याचा मान राखावा लागेल.

मावशींनी स्वतः उठून तक्रार करायलाच हवी, हा समज आधी सोडा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम ५ प्रमाणे ज्येष्ठ व्यक्ती असमर्थ असेल तर तिनं अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. महाराष्ट्रात हे न्यायाधिकरण म्हणजे उपविभागीय अधिकारी, आपल्या रोजच्या भाषेत प्रांत. तुम्ही प्रांतांना लेखी माहिती द्या आणि "स्वतःहून दखल घ्यावी" असं त्यात स्पष्ट लिहा. पुतण्यावर जबाबदारी येते का, असं तुम्ही विचाराल. अपत्यहीन ज्येष्ठांच्या बाबतीत जो कायदेशीर वारस त्यांच्या मालमत्तेचा ताबा घेऊन आहे किंवा ज्याला ती पुढे मिळणार आहे, तो या कायद्यानं 'नातेवाईक' ठरतो आणि निर्वाहाला बांधील असतो. मावशींचे दीर किंवा नणंद कोणी हयात नसतील तर पुतण्या यात सहज बसतो. त्यांपैकी कोणी हयात असेल तर तो वारस ठरतो का, यावर समोरचा वकील वाद घालेल. त्याची तयारी ठेवा.

त्यांना खरोखर कोंडून ठेवलं असेल तर निर्वाहाच्या अर्जाच्या निकालाची वाट पाहू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कामकाजाची पद्धत ठरवणारा कायदा, याच्या कलम १०० खाली बेकायदा डांबून ठेवलेल्या व्यक्तीसाठी शोध वॉरंट निघू शकतं. ते जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी काढू शकतात. त्याखेरीज कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ आहे. तो फक्त सुनांसाठी आहे असं लोक धरून चालतात. एकत्र कुटुंबात राहणारी कुठलीही बाई, म्हणजे आई, सासू, काकू, त्याखाली दाद मागू शकते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं, ज्याच्याविरुद्ध अर्ज करता येतो त्याच्या व्याख्येतले 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकले, त्यामुळे त्रास देणारी बाई असली तरी अर्ज चालतो. याच कायद्याच्या कलम ४ नुसार कोणीही त्रयस्थ माणूस या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो, आणि ती प्रामाणिकपणे दिली असेल तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. तुम्ही भाची किंवा भाचा आहात, एवढं नातं यासाठी पुरेसं आहे. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, आणि जिवाला धोका वाटला तर ११२. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

एटीएम कार्डाचा उपाय त्यामानानं सोपा आहे. बँकेत मावशींच्या सहीनं किंवा अंगठ्यानं अर्ज देऊन कार्ड बंद करता येतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या सूचनेप्रमाणे ७० वर्षांवरच्या ग्राहकांना बँकेनं घरपोच सेवा देणं अपेक्षित आहे. बँकेचा माणूस घरी गेला की तो मावशींना प्रत्यक्ष पाहतो. या कामात तशी एखादी त्रयस्थ नजर फार उपयोगी पडते.

आता बक्षीसपत्र. त्याची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढा आणि ओळ न ओळ वाचा. बहुतेक बक्षीसपत्रांत एक ठरलेला मजकूर असतो: "लिहून देणार यांनी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, नैसर्गिक प्रेम व मायेपोटी सदर मिळकत बक्षीस दिली असून यापुढे सदर मिळकतीवर लिहून देणार यांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही." म्हातारपणी सांभाळ करण्याविषयी त्यात अक्षरही नसतं. २००७ च्या कायद्याचं कलम २३ सांगतं की, घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा भागवाव्यात या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि तो ते करत नसेल, तर ते हस्तांतरण फसवणुकीनं, जबरदस्तीनं किंवा गैरप्रभावानं, म्हणजे नात्यातल्या वर्चस्वाचा गैरफायदा घेऊन, झालं असं मानून रद्द करता येतं. सगळं त्या 'अटी'वर येऊन अडतं. सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अट होती हे दाखवावंच लागेल, नुसत्या मायेपोटी दिलेल्या मालमत्तेला हे कलम लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित या निकालात त्याच न्यायालयानं कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचायला हवा असं सांगितलं, आईचं बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि ताबाही परत द्यायला लावला. पण तिथे मुलानं "मी सांभाळीन" असं वेगळं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. म्हणून मावशींच्या घरात असा काही कागद, चिठ्ठी, मोबाइलवरचा मेसेज आहे का ते शोधा. काहीच सापडलं नाही तर दिवाणी न्यायालयाची वाट उरते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १६ नुसार वयामुळे, आजारामुळे किंवा मानसिक अथवा शारीरिक क्लेशामुळे जिची मनःशक्ती खालावली आहे, तिच्याशी केलेला व्यवहार वरकरणीच अन्यायाचा दिसत असेल, तर गैरप्रभाव टाकला नाही हे घेणाऱ्यानं सिद्ध करायचं असतं. कायदा चांगला आहे, फक्त दिवाणी दाव्याची वर्षं ७६ वयाच्या माणसाजवळ नसतात.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. माझं मत असं की आपल्याकडचे कायदे नुकसान झाल्यावर जागे होतात, आणि तेही ज्याचं नुकसान झालं त्यानं दार ठोठावल्यावर. सुधारणा दोन ठिकाणी हव्यात: सही होते त्या टेबलावर, आणि बंद दाराबाहेर.

सहीचं टेबल म्हणजे नोंदणी कार्यालय. तिथे काय घडतं ते मी अनेकदा शेजारी उभं राहून पाहिलं आहे. ज्याला घर मिळणार आहे तोच आजींना रिक्षातून घेऊन येतो. दस्त त्याच्याच वकिलानं किंवा एजंटनं तयार केलेला असतो, साक्षीदार त्याचे मित्र असतात. आजींचा फोटो निघतो, अंगठा मशीनवर ठेवला जातो, "सही तुमचीच ना?" असं विचारलं जातं, आजी मान हलवतात, आणि पुढचा टोकन नंबर पुकारला जातो. अधिकाऱ्याचं यात काही चुकत नाही. नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे माणूस तोच आहे का आणि दस्त त्यानंच केला का, एवढंच त्यानं पाहायचं असतं. उघडउघड वेडसर वाटणाऱ्या व्यक्तीची नोंदणी तो नाकारू शकतो, पण घाबरलेल्या व्यक्तीबद्दल कायद्यानं त्याला काहीच सांगितलेलं नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी अधिकारी घरी येऊन नोंदणी करतात. ही सोय हवीच, पण ते घर बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या ताब्यातलं असतं. शिवाय महाराष्ट्रात राहतं घर मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. कुटुंबांसाठी सवलत चांगली आहे, पण तिच्यामुळे आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात झटपट होऊन बसला आहे.

इथे मला तीन गोष्टी हव्या आहेत. देणारी व्यक्ती साठीच्या पुढची असेल किंवा आजारी, अपंग असेल तर घेणाऱ्याला खोलीबाहेर ठेवून तिच्याशी तिच्या भाषेत पाच मिनिटं बोलणं बंधनकारक करावं: हे घर आता तुमचं राहणार नाही हे कळलंय का, उद्या त्यांनी निघा म्हटलं तर कुठे जाल, या कागदाबद्दल आणखी कोणाला सांगितलंय का? उत्तरं लिहून दस्ताला जोडावीत. पुढे वाद झाला तर त्या पानाइतका भक्कम पुरावा दुसरा नसेल, दोन्ही बाजूंसाठी. दुसरं, सांभाळाची अट कायद्यानंच गृहीत धरावी. म्हणजे ज्येष्ठ व्यक्तीनं दिलेल्या प्रत्येक बक्षीसपत्रात आणि हक्कसोडपत्रात ती आहेच असं मानावं, आणि नको असेल तर देणाऱ्यानं तसं वेगळं लिहून द्यावं. आज नेमकं उलट आहे. न लिहिण्याचा फायदा लबाड माणसाला मिळतो आणि तोटा विश्वास ठेवणाऱ्याला. तिसरं, नोंदणीनंतर काही आठवडे विनाकारण माघार घेण्याची मुभा असावी.

कायदा बदलेपर्यंत एवढं तरी करा. घर द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा, ते हयातीत केव्हाही बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं असेल तर तहहयात राहण्याचा आणि ताब्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवा. असं बक्षीसपत्र वैध असतं, सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. आणि कलम २३ चेच शब्द दस्तात उतरवा: "लिहून घेणार यांनी लिहून देणार यांच्या मूलभूत सोयी व शारीरिक गरजा तहहयात भागवण्याच्या अटीवर सदर बक्षीस दिले असून, त्यात कसूर झाल्यास सदर बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील." वकिलानं "याची काय गरज, घरचंच तर आहे" म्हटलं तरी हे वाक्य सोडू नका.

आता बंद दार. केंद्र सरकारनं राज्यांना सुचवलेल्या आदर्श नियमांत पोलीस ठाण्यानं ज्येष्ठांची यादी ठेवावी, सामाजिक कार्यकर्त्याला सोबत घेऊन महिन्यातून एकदा तरी भेट द्यावी, अशी तरतूद आहे. ती वाचून बरं वाटतं. पण त्या यादीचा भर एकट्या राहणाऱ्यांवर आहे, म्हणजे ज्या घरात साठीच्या आतलं कोणीच नाही त्यांच्यावर. तुमच्या मावशी त्यात बसत नाहीत, कारण त्यांच्या घरात पुतण्या राहतो. चोर बाहेरून येतो असं धरून हा नियम लिहिला गेला, आणि घरातल्याच माणसाकडून होणारा छळ त्यातून निसटला.

आपल्याकडे कोणीही माहिती देऊ शकतो, पण माहिती मिळाल्यावर अमुक दिवसांत अमुक अधिकाऱ्यानं घरी जाऊन त्या व्यक्तीला एकटं भेटलंच पाहिजे, असं बंधन नाही. इंग्लंडच्या २०१४ च्या केअर कायद्यात, मदतीची गरज असलेल्या आणि स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या प्रौढाचा छळ होत असल्याचा संशय आला की स्थानिक प्राधिकरणानं चौकशी करणं हे कर्तव्यच ठरवलं आहे. जपानमध्ये २००६ पासून लागू असलेल्या ज्येष्ठ छळ प्रतिबंधक कायद्यानुसार जिवाला धोका दिसला तर पाहणाऱ्यानं पालिकेला कळवायचं असतं आणि पालिकेचे कर्मचारी घरात जाऊन पाहू शकतात. स्कॉटलंडच्या २००७ च्या कायद्यानं तुमच्या मावशींच्या वाक्याला थेट हात घातला आहे. तिथे पीडित व्यक्ती नको म्हणाली तर न्यायालय संरक्षणाचा आदेश देत नाही. पण तो नकार जवळच्या माणसाच्या दडपणाखाली दिला गेला आहे असं न्यायालयाला पटलं, तर नकार बाजूला ठेवता येतो. मला हाच मार्ग सर्वात न्याय्य वाटतो. व्यक्तीचा शब्द अंतिम राहतो, मात्र तो तिचाच शब्द आहे ना हे आधी तपासलं जातं.

त्यासाठी आपल्याकडे नवं खातं उभं करायची गरज नाही. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ७ पाहा. अपंग व्यक्तीचा छळ, पिळवणूक होत असेल तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि तो सुटका, संरक्षण, निर्वाह यांचे आदेश देऊ शकतो. आता वर मागे जा: निर्वाहाचं न्यायाधिकरण प्रांताकडे, डांबून ठेवलेल्यांसाठी वॉरंटचा अधिकार उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, अपंगांच्या छळाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे. ग्रामीण आणि निमशहरी भागात हे तिन्ही अधिकार बऱ्याचदा एकाच माणसाच्या टेबलावर असतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत त्यातले काही पोलिसांकडे जातात. अर्ज मात्र तीन, शाखा तीन, तारखा तीन. एकच अर्ज, एकच भेट आणि ठरलेल्या मुदतीत एकच अहवाल, एवढं राज्य सरकारला आपल्या नियमांतूनही करता येईल.

साठीच्या आतल्यांचं काय, हा प्रश्न फार कमी जण विचारतात. चाळिशीतला, पक्षाघातानं आडवा झालेला भाऊ, ज्याच्या सातबाऱ्यावरच्या हिश्श्यावर घरातल्यांचा डोळा आहे. बौद्धिक अपंगत्व असलेली बहीण, जिच्या अंगठ्यानं खातं रिकामं होतं. २००७ चा कायदा त्यांना स्पर्श करत नाही. अपंगत्व कायदा लागू होतो, पण प्रमाणपत्र नसेल तर कार्यालयातला पहिलाच प्रश्न तिथे अडवतो, खरं तर कलम ७ मध्ये प्रमाणपत्राची अट लिहिलेली नाही. वय किंवा टक्केवारी न पाहता, आजार, अपंगत्व किंवा परावलंबन यांमुळे स्वतःचा बचाव करू न शकणारा कोणताही प्रौढ, अशी व्याख्या असलेला कायदा आपल्याला हवा आहे.

आणि इथे एक इशाराही देते. संरक्षणाच्या नावाखाली प्रौढ माणसाला लहान मूल करून ठेवणं, हाही छळच आहे. स्वतःला कायदेशीर पालक म्हणून नेमून घेऊन सगळे अधिकार हातात घेतलेले आणि मग त्याच अधिकारांनी लुबाडणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. २०१६ च्या कायद्याचं कलम १४ म्हणूनच मर्यादित पालकत्वाची भाषा करतं: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार आणि तिच्यासोबत मिळून. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, म्हणजे स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व अशा व्यक्तींसाठीच्या कायद्याखाली, नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. हे हिशेब मागितले जातात का, तपासले जातात का, तिकडे लक्ष द्यायला हवं. हिशेब मागणारा कोणी नसेल तर पालकत्व हे लुटीचं परवानापत्र होतं.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अडचण याहून बिकट आहे. लोक वेळेत कुलमुखत्यारपत्र करून ठेवतात आणि निश्चिंत होतात. पण करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी होतो. मग एकतर तो कागद बेकायदा वापरला जातो, नाहीतर कुटुंबाला उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेच्या व्यवस्थापनाचं प्रकरण होतं. २०१७ च्या नव्या कायद्यात उपचारांबाबत पूर्वसूचना (कोणते उपचार हवेत, कोणते नकोत ते आधीच लिहून ठेवणं) आणि नामनिर्देशित प्रतिनिधी (आपल्या वतीनं उपचारांबाबत बोलणारा, आपणच नेमलेला माणूस) या चांगल्या सोयी आल्या, मालमत्तेचा विषय मात्र बाहेर राहिला. शुद्धीत असताना केलेलं, नोंदवलेलं, आणि भान हरपल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याखाली करता येतं. सोबत देखरेख करणारं सरकारी कार्यालयही ठेवलं. आपल्याला दोन्ही हवीत, आणि देखरेखीशिवाय पहिलं नकोच.

शेवटी पुन्हा २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याकडे. निर्वाहाच्या रकमेची कमाल मर्यादा तेव्हापासून महिना १०,००० रुपयांवर थांबलेली आहे. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देण्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती विधेयक आलं होतं. त्यात ही मर्यादा काढून टाकणं, जावई-सुनांना 'अपत्य' या व्याख्येत आणणं, प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक अधिकारी नेमणं अशा तरतुदी होत्या. लोकसभेची मुदत २०२४ मध्ये संपली आणि विधेयक बारगळलं. ते पुन्हा आणलं जावं, यासाठी ज्येष्ठ नागरिक संघांनी आपापल्या खासदारांमागे लागायला हवं. दरम्यान ज्यांच्या हातात निर्वाहाचा आदेश आहे त्यांच्यासाठी: रक्कम थकली तर देय तारखेपासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज द्या. मुदत उलटली तर त्या थकबाकीसाठी वॉरंट निघत नाही, आणि "पुढच्या महिन्यात देतो" हे आश्वासन बहुधा ती मुदत उलटवण्यासाठीच दिलेलं असतं.